भाड्याच्या घरातला उंच पलंग: पाय जाड करायचे की सांधे सुधारायचे

ठाण्यात भाड्याच्या वन बीएचकेमध्ये राहणाऱ्या माझ्या आतेभावानं, म्हणजे दादानं, मुलीसाठी घरच्या घरी उंच पलंग बनवला, वर झोपायचं आणि खाली अभ्यासाचं टेबल. पुतणी दहावीला, खोली १० बाय १२ ची, त्यात आजीची कॉट आणि दोन कपाटं आधीपासूनच, त्यामुळे जमिनीवर अजून एक पलंग बसणारच नव्हता, जागा वरच काढायला लागणार होती. पलंग उभा राहिला, देखणा झाला, वजनही घेतलं, पण हलायला लागला. सविस्तर लिहितोय कारण घरी फर्निचर करणाऱ्या बहुतेकांना हा प्रश्न कधी ना कधी येतो आणि त्यावर बहुतेकजण जे पहिलं उत्तर काढतात, म्हणजे लाकूड अजून जाड घ्या, ते इथे पैसे घालवूनही उपयोगाचं ठरलं नसतं.

पलंग असा होता. गादी ७५ बाय ३६ इंचाची. चार पाय पाईनवुडचे, तीन बाय तीन म्हणून आणलेले आणि रंधा मारून ७० मिमी उरलेले. दोन लांब पट्ट्या दोन बाय चारच्या, रंध्यानंतर ४५ बाय ९५ मिमी, उभ्या लावलेल्या. टोकांना तशाच दोन आखूड पट्ट्या, मधे आडव्या रिपा, त्यावर १२ मिमी प्लाय. झोपायची फळी जमिनीपासून ५ फुटांवर, पाय तिथून पुढे वर वाढवून त्यांनाच कठडा लावलेला. सांधा म्हणाल तर पट्टी दोन पायांच्या मधे बसवलेली, आतून लोखंडी एल अँगल, त्याला दोन्हीकडे दोन-दोन स्क्रू, आणि बाहेरून पायातून एक लांब स्क्रू पट्टीच्या टोकात मारलेला. दादा आयटीआयचा टर्नर (लेथवर काम करणारा) आहे, गुण्या लावल्याशिवाय तो काही कापत नाही, सगळे काप सरळ, कडा गोल केलेल्या, हाताला कुठे फास लागणार नाही अशी सँडिंग. कारागिरीत खोट नव्हतीच, हे आधीच सांगतो, कारण पुढे जे काही निघालं ते सगळं मांडणीतलं आहे.

आणि घराच्या अटी होत्या तीन. घरमालकाला भिंतीत ड्रिल चालत नाही, म्हणजे पलंग भिंतीला अँकर करायचा नाही. करार ११ महिन्यांचा, म्हणजे उद्या घर बदललं तर पूर्ण खोलून जिन्यातून नेता आला पाहिजे, मुख्य सांध्यांना फेविकॉल लावून कायमचं चिकटवायचं नाही. आणि एक टोक खिडकीकडे येतं, तिथला उजेड अडवायचा नाही. या तीन अटी नसत्या तर उत्तर फार सोपं होतं, भिंतीला दोन फास्टनर मारा आणि विसरून जा.

तक्रार अशी की दादा आणि वहिनी दोघं वर बसले तरी काही होत नाही, कुठे वाकत नाही, पण पुतणी शिडीवरून चढायला लागली की अख्खा पलंग लांबीच्या दिशेनं डुलतो, रात्री कूस बदलली की कुरकुरतो, आणि अँगलचे स्क्रू आवळले की काही दिवस बरं, परत ढिले. दादानं ठरवून टाकलं होतं की पाय बारीक पडले, चार बाय चारचे आणायचे, आणि मला फोन केला तो फक्त पाईन घेऊ की साग एवढंच विचारायला. मी बिल्डिंगच्या स्ट्रक्चरल ड्रॉइंगवर काम करतो त्यामुळे मला विचारलं. मी म्हटलं दादा, लाकूड आणू नकोस, आधी एक हिशेब करू.

पायांचा हिशेब

वर काय काय येणार? पुतणी, तिला ताप आला तर शेजारी वहिनी, गादी, पलंगाचं स्वतःचं वरचं वजन, सगळं मिळून २०० किलो धरलं. चार पायांवर वाटलं तर एका पायाला ५० किलो. ७० बाय ७० च्या पायाचं क्षेत्रफळ ४९०० चौमिमी, म्हणजे दाब येतो ०.१ न्यूटन प्रति चौमिमी. पाईन रेषांच्या दिशेनं चिरडायला ३० च्या आसपास तरी लागतात. म्हणजे चिरडण्याचा विषयच नाही.

मग कोणी म्हणेल चिरडणार नाही पण उंच आहे, बाजूला वाकून मोडेल, बकलिंग. तेही काढलं. लाकडाचा ताठपणा, म्हणजे इलॅस्टिक मॉड्युलस, ८००० न्यूटन प्रति चौमिमी धरला (आयएस ८८३ या लाकडी बांधकामाच्या भारतीय मानकात लाकडाचे तीन गट आहेत, सगळ्यात खालच्या गटाचा पट्टा साधारण ५६०० ते ९८०० आहे, ८००० त्याच्या मधलाच आकडा). १५०० मिमी उंचीच्या ७० मिमी पायाला दोन्ही टोकं जागेवर धरलेली असतील तर बकलिंगला जवळजवळ ७ टन लागतात. वरचं टोक मोकळं डुलतंय असं सगळ्यात वाईट धरलं तरी हे एक चतुर्थांश होतं, पावणेदोन टन. आपण टाकतोय ५० किलो. वरून धपकन बसलं म्हणून दुप्पट करा, १०० किलो. पाय कितीतरी पट जास्तच आहे, दोन बाय दोनचा असता तरी फक्त वजनासाठी चालून गेला असता, आणि दादा तो अजून जाड करायला निघाला होता.

लांब पट्टीचंही बघून घेतलं. एका पट्टीवर १०० किलो पसरून, गाळा म्हणजे दोन आधारांमधलं अंतर १९५० मिमी, तर मधे झोळ येतो पावणेचार मिमीच्या आसपास, डोळ्याला कळणारही नाही इतका. इथे दादानं एक फार महत्त्वाची गोष्ट बरोबर केली होती, पट्टी उभी लावली होती. हीच ४५ बाय ९५ ची पट्टी आडवी टाकली असती तर झोळ साडेचार पटीनं वाढून १६ मिमीवर गेला असता, लाकूड तेच, पैसे तेच. पुस्तकांच्या फळ्या करणाऱ्यांनी अजून एक लक्षात ठेवा, पसरलेल्या वजनाला झोळ लांबीच्या चौथ्या घातानं वाढतो, दोन फुटी फळी चार फुटी केली आणि पुस्तकं त्याच दाटीनं भरली तर झोळ सोळापट. म्हणून फळी झोळली तर ती जाड करण्याआधी मधे एक टेकू द्या. मजबुतीचंही ठीक होतं, १०० किलोचा माणूस पट्टीच्या मधोमध दणकन बसला असं धरून दुप्पट केलं तरी पट्टीतला ताण १४ न्यूटन प्रति चौमिमी येतो, मोडण्यापासून बराच लांब, अट एकच, मधल्या भागात खालच्या कडेला मोठी गाठ नको. दादाच्या एका पट्टीत होती तशी गाठ, ती पट्टी उलटी करून गाठ वरच्या कडेला घेतली, तिथे लाकूड दाबलं जातं, ताणलं जात नाही.

मग हलतं कुठून

इथे नुसता हिशेब पुरत नाही, मोजावं लागतं. प्रवासात बॅगेचं वजन बघायचा हातातला काटा असतो ना, तो पलंगाच्या वरच्या चौकटीला अडकवला आणि लांबीच्या दिशेनं १० किलोनं ओढलं, पलीकडे स्टुलावर स्टीलची पट्टी धरून बघितलं. चौकट चांगली बोटभर सरकायची, आणि सोडल्यावर पूर्ण जागेवर परत यायची नाही. हे परत न येणं फार बोलकं आहे, लाकूड वाकलं असतं तर सोडल्यावर परत आलं असतं, परत येत नाही म्हणजे कुठेतरी घसरतंय.

आता कागदावर बघा. सांधे एकदम घट्ट आहेत असं धरलं तर १० किलोच्या ओढीला चार पाय मिळून वाकतात पावणेदोन मिमी, पट्ट्यांच्या वाकण्यानं अजून पाऊण मिमी, एकूण अडीच. प्रत्यक्षात बोटभर. म्हणजे उरलेली सगळी हालचाल सांध्यातली. पाय चार बाय चारचे केले असते तर त्या अडीचमधला फार तर एक-सव्वा मिमी वाचला असता आणि बाकीचं जसंच्या तसं डुलत राहिलं असतं. हे दादाला पटलं, कारण टर्नरला मिमीची भाषा लगेच कळते.

सांध्यावर काय येतं तेही सांगतो कारण हा आकडा मला स्वतःला प्रत्येक वेळी महत्त्वाचा वाटतो. मुलगी शिडीवर जोरात पाय टाकते तेव्हा बाजूला २० किलोचा धक्का धरणं काही जास्त नाही. तो दीड मीटर उंचीवर लागतो, म्हणजे २० गुणिले दीड, ३० किलोग्रॅम-मीटरचा पीळ. पाय फरशीवर नुसते टेकलेत, तिथे पकड नाही, त्यामुळे हा पीळ वरच्या चार सांध्यांनाच घ्यायचा आहे, प्रत्येकी साडेसात. आणि सांध्यातल्या वरच्या-खालच्या स्क्रूत अंतर किती, पट्टीच ९५ मिमीची, तर जेमतेम ६ सेंटीमीटर. साडेसात भागिले ०.०६, म्हणजे १२५ किलो. बाजूनं दिलेला २० किलोचा धक्का स्क्रूपाशी १२५ किलोची ओढ होऊन पोचतो, एकदा इकडून एकदा तिकडून, प्रत्येक चढण्या-उतरण्याला. त्यातला लांब स्क्रू तर पट्टीच्या टोकात, म्हणजे लाकडाच्या रेषांना समांतर घुसलेला, आणि टोकात स्क्रूची पकड बाजूच्या मानानं बरीच कमी असते. भर म्हणून स्क्रू कुठले तर काळे जिप्समचे, जे सगळीकडे स्वस्तात मिळतात. ते कडक असतात पण ठिसूळ, आडव्या मारानं त्यांची डोकी तुटतात. दादानं दोन काढले तर एकाचं डोकं हातात आणि बाकीचा आत. फर्निचरच्या वजन घेणाऱ्या सांध्यात हे स्क्रू वापरू नयेत हे माझं ठाम मत आहे, जिप्सम बोर्डासाठी बनवलेत, तिथेच चांगले.

म्हणजे दोन कामं निघाली. एक, बाजूचा धक्का सांध्यांच्या पिळावर न सोडता वेगळ्या मार्गानं जमिनीत न्यायचा. दोन, वरचं वजन स्क्रूवर लटकवायचं नाही, लाकडावर टेकवायचं.

बाजूचा धक्का

आगपेटीची आतली डबी काढून नुसतं बाहेरचं खोकं दाबलं तर लगेच तिरकं होतं, डबी आत असली की होत नाही, पुठ्ठा तोच. पलंगाला तेच करायचं होतं, चौकटीचा चौकोन तिरका होऊ द्यायचा नाही. त्यासाठी कर्ण टाका किंवा चौकोनात एक अखंड पत्रा किंवा प्लाय भरा. प्लायचं मला जास्त पटतं कारण तो दोन्ही दिशेनं काम करतो आणि अभ्यासाच्या टेबलामागे पाठ मिळते, वेळापत्रक लावायला जागा होते.

प्लायची शीट ८ बाय ४ फुटांची, त्यामुळे पॅनेलची उंची ४ फूटच ठेवली, वरच्या पट्टीपासून खाली. फरशीपासून जवळपास एक फूट मोकळं राहतं, तिथून झाडू फिरतो आणि स्कर्टिंग आड येत नाही. मागच्या लांब बाजूला १२ मिमीचं एक पॅनेल, कपाटाकडच्या टोकाला दुसरं, आणि दोन्हीच्या खालच्या कडेला एक-एक आडवी रीप. आता धक्का स्क्रूच्या ६ सेंटीमीटरच्या जोडीवर येत नाही, पॅनेलच्या अख्ख्या कडेवर पसरतो. २० किलोचा पूर्ण धक्का एकट्या टोकाच्या ९०० मिमीच्या पॅनेलवर आला आणि दर २०० मिमीला एक बोल्ट असेल तर बोल्टमागे साडेचार किलो येतात. कुठे १२५ आणि कुठे साडेचार, आणि वजन वाढलं ते दोन्ही पॅनेल मिळून पंचवीस किलोच्या आसपास. खोलून न्यायचं असल्यामुळे इथे लाकडी स्क्रू नाही वापरले, पायात मागून टी-नट (लाकडात ठोकून बसणारा दातेरी नट) बसवून ६ मिमीचे बोल्ट. पाईनमध्ये स्क्रू दोन-तीनदा काढून घातला की भोक मोकळं होतं, बोल्टला ती भीती नाही.

दोन पॅनेल लावून दादा खूश झाला. लांबीत ओढलं तर जवळजवळ हलेना. पण खिडकीकडचा पुढचा कोपरा हाताने ढकलला तर तो कोपरा अजूनही फिरत होता, सरळ सरकत नव्हता, गोलाकार फिरत होता. मी सुरुवातीपासून तीन बाजू म्हणत होतो ते यासाठीच, पण दादाला खिडकी बंद करायची नव्हती म्हणून त्यानं आधी दोनवर बघू म्हटलं. कारण असं की मागचं पॅनेल लांबीचा धक्का घेतं, टोकाचं पॅनेल रुंदीचा घेतं, दोघांची गाठ एका कोपऱ्यात पडते, आणि त्या कोपऱ्याभोवती अख्खा पलंग दारासारखा वळू शकतो, त्याला अडवणारं कोणीच नाही. उभ्या तीन प्रतलांमध्ये अडवणूक लागते आणि ती तिन्ही एकाच रेषेत मिळता कामा नयेत, आणि वरची फळीसुद्धा एकसंध हवी म्हणजे तिन्हींना ती एकत्र बांधून ठेवते. बिल्डिंगमध्ये शिअर वॉल, म्हणजे बाजूचा धक्का घेणाऱ्या भिंती, टाकताना हाच विचार असतो, सगळ्या भिंती एका कोपऱ्यात गोळा केल्या तर भूकंपात इमारत पिळते. पलंगाला भूकंपाची गरज नाही, एक पंधरा वर्षांची मुलगी घाईत चढली तरी पुरतं.

वरची फळी एकसंध हवी म्हणून तिथला प्लाय नुसता ठेवलेला होता तो सगळ्या कडांना पक्का केला, आणि त्यात २५ मिमीची भोकं पाडली, कारण ठाण्याच्या पावसाळ्यात काथ्याची गादी बंद प्लायवर टाकली की खालून बुरशी धरते.

खिडकीकडच्या टोकाला मग प्लायऐवजी लोखंडी पट्ट्यांची फुली टाकली, २५ बाय ३ मिमीची पट्टी, हार्डवेअरच्या दुकानात सहज मिळते, प्रत्येकीत मधे एक छोटं टर्नबकल (फिरवून ताण कमी-जास्त करायचा जोड). पट्टी फक्त ताण घेऊ शकते, दाबली तर वाकते, म्हणून दोन लागतात, इकडून ढकललं की एक ताणते, तिकडून ढकललं की दुसरी. पूर्ण २० किलो त्या एकाच टोकावर आले तरी कर्णात ताण येतो ३७-३८ किलो, पट्टीला हे काहीच नाही, बघायचं असतं ते फक्त टोकाच्या बोल्टचं भोक पायाच्या कडेला फार जवळ नको एवढं, नाहीतर लाकूड रेषेत फाटतं. बोल्टच्या जाडीच्या सातपट तरी अंतर पायाच्या टोकापासून ठेवावं. उजेड अडला नाही, आणि दिसायलाही बरं दिसतं असं पुतणीचं म्हणणं.

वजन टेकवायचं

आधी पट्टी अँगलवर लटकत होती. आता पायात २० मिमी खोल खाच पाडून पट्टीचं टोक तिच्यात बसवलं, म्हणजे वजन लाकडावरून लाकडावर जातं आणि सांध्यातलं लोखंड फक्त जवळ धरून ठेवण्याचं काम करतं. टेकायची जागा २० बाय ४५, म्हणजे ९०० चौमिमी, कोपऱ्याला १०० किलो आले तरी दाब १.१, पाईनला आडव्या रेषांवरही चालतो. पटाशीनं खाच काढायचं काम दादानं एका रविवारी उरकलं, आणि खाचेत पट्टी इतकी चपखल बसली की बोल्ट न लावताही उभी राहिली. अँगल काढून प्रत्येक सांध्यात ८ मिमीचा एक अॅलन बोल्ट आणि पट्टीत आडवं बॅरल नट (बोल्ट ज्यात आवळतो तो गोल दांडीसारखा नट), टोकापासून ६० मिमी आत, शेजारी एक लाकडी डॉवेल (गोल खुंटी), म्हणजे पट्टी गोल फिरत नाही. आपल्याकडच्या जुन्या सागवानी पलंगांत कुसू आणि खाचेचा सांधा असायचा तो हेच काम करायचा, फक्त हा खोलता येतो.

भिंतीला बांधलेला नाही तर उलटा पडेल का, हा वहिनीचा प्रश्न होता आणि तो रास्तच होता. शिडी पुढच्या बाजूला उभी हुकावर आहे, चढणाऱ्याचं वजन पायांच्या रेषेच्या बाहेर साधारण १५० मिमीवर पडतं. ५५ किलो गुणिले १५० एका बाजूला, पलंगाचं स्वतःचं गादीसकट ९० किलोच्या आसपास वजन गुणिले मध्यापर्यंतचे ४८० दुसऱ्या बाजूला. पाचपट सुरक्षित. मात्र शिडीला लटकून मागे झोके घ्यायचे नाहीत आणि दोघांनी एकदम चढायचं नाही, हे मुलांना स्पष्ट सांगितलं पाहिजे. व्हिट्रिफाइड फरशीवर पाय घसरू नयेत म्हणून चारही पायांखाली रबराचे तुकडे.

पंखा

हे स्ट्रक्चरमध्ये धरत नाहीत कोणी, पण उंच पलंगाच्या डिझाइनमध्ये आपल्या घरांत हा सगळ्यात धोकादायक भाग आहे आणि परदेशी नकाशे बघून करणाऱ्यांच्या तो लक्षातच येत नाही, तिथे बऱ्याच घरांत छताला पंखा नसतो. खोलीची रुंदी ३०५० मिमी, पंखा मधोमध म्हणजे भिंतीपासून १५२५ वर, १२०० मिमीच्या पंख्याचं पातं ६०० मिमी बाहेर येतं, म्हणजे पात्याचं टोक भिंतीपासून ९२५ वर. पलंगाची रुंदी पायांसकट ९९०. पात्याचं टोक पलंगाच्या कडेच्या ६५ मिमी आत फिरत होतं! वर बसलेल्या मुलीनं झोपेत उठून हात ताणला तर काय, याचा विचारही नको. दादाच्या मनात पलंग आखूड भिंतीला वळवायचा होता, पण ते मोजलं तर पातं कडेपासून २४० मिमी लांब जातं, हात तरी पोचतोच. शेवटी छताचा पंखा काढून ठेवला आणि समोरच्या बाजूला आधीपासून असलेल्या हुकावर वॉल फॅन लावला. यावर तडजोड नको. पलंग करण्याआधी पंख्याची मापं घ्या, लाकडाची नंतर.

कठडा आणि गादी यांचा संबंधही असाच राहून जातो. अमेरिकेत बंक बेडसाठी नियम आहे की कठड्याची वरची कड गादीच्या वर किमान ५ इंच हवी, आणि मुलाचं अंग जाईल पण डोकं अडकेल अशी फट ठेवायची नाही, साडेतीन इंचाचा ठोकळा पार जाता कामा नये. भिंतीच्या बाजूलाही कठडा लागतो, भिंत आहे म्हणून सोडायचा नाही, कारण पलंग थोडा सरकला की तिथेच फट पडते. ६ वर्षांखालच्या मुलांना वर झोपवू नका असंही ते सांगतात. दादाचा कठडा ४ इंचाच्या गादीवर धरून बरोबर होता, पण वहिनीनं ८ इंचाची फोमची गादी बघून ठेवली होती, ती टाकली असती तर उरलेला कठडा फक्त नावाला राहिला असता. म्हणून फळीवर मार्करनं रेघ मारून ठेवली, गादी इथपर्यंतच.

तपासणी

सगळं जोडून झाल्यावर चाचणी केली ती २० लिटरच्या पाण्याच्या जारनी. ओळखीच्या पाणीवाल्याकडून रिकामे दहा जार आणले, वर मांडले आणि पाईपनं वरच भरले, म्हणजे उचलायचे श्रम नाहीत आणि वजन हळूहळू वाढतं, काही आवाज आला तर थांबता येतं. खाली कोणी जायचं नाही हे पक्कं. २०० किलो भरून झाल्यावर पट्टीच्या दोन टोकांना ताणून बांधलेल्या दोऱ्यापासून मधे झोळ मोजला, हिशेबातल्या पावणेचारच्या थोडा वर निघाला, पण ते बरोबरच आहे, खऱ्या लाकडात गाठी असतात आणि आठ हजार हा धरलेला आकडा आहे. रात्रभर तसंच ठेवलं कारण लाकूड वजनाखाली हळूहळू अजून थोडं बसतं, सकाळी फार फरक नव्हता. मग जार रिकामे करून परत तो बॅगेचा काटा, १० किलो, लांबीत आणि रुंदीत दोन्हीकडे. स्टीलच्या पट्टीवर जेमतेम दोन मिमी, आणि सोडल्यावर जागेवर परत. कुरकुर गेली. एक बारीक आवाज राहिला होता, तो शिडीच्या हुकाचा निघाला, तिथे चामड्याचा तुकडा लावला.

पावसाळ्याचं एक दादाला लिहून दिलंय. हवेतला दमटपणा वाढला की पाईन आडव्या दिशेनं फुगतं, ७० मिमीच्या पायात हा फरक पाऊण मिमीपर्यंत सहज जातो, आणि दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की परत आकसतं. फुगलेलं असताना बोल्टच्या वॉशरखालचं लाकूड दाबलं जातं आणि आकसल्यावर तिथे ढिलेपणा येतो. म्हणून मोठे वॉशर घातलेत आणि डिसेंबरमध्ये एकदा सगळे बोल्ट अॅलन कीनं फिरवायचे, जोर लावून नाही, टेकेपर्यंत आणि वर पाव फेरा. खिडकीकडच्या फुलीचं टर्नबकलही तेव्हाच बघायचं, पट्टीवर बोटानं टिचकी मारली की दोन्हींचा आवाज सारखा यायला हवा.

घर बदलायचं झालं तर खोलायचा क्रम असा ठरवलाय: आधी गादी आणि शिडी, मग वरचा प्लाय, मग फुली, मग लांब पट्ट्या आणि मागचं पॅनेल, आणि टोकाची चौकट पॅनेलसकट अखंड ठेवायची, ती जिन्यातून आडवी जाते, मोजून बघितलंय. प्रत्येक खाचेच्या आत आणि तिच्या पट्टीच्या टोकावर पेन्सिलनं सारखे आकडे टाकलेत, कारण हातानं काढलेल्या खाचा एकमेकीत बदलून बसत नाहीत. आणि नवीन घरात सामान वर न्यायच्या आधी खोलीत टेप घेऊन छताची उंची आणि पंख्याचा हुक कुठे आहे ते बघायचं, पाय कापावे लागले तर ते वरून, कठड्याकडून नाही, खालून कापायचे.